ट्रकचा ८२ चा थर्मोस्टॅट काढून ७१ चा टाकावा का? (कसारा घाटात गाडी गरम होते)

कसारा_चढ
नमस्कार मंडळी. माझी एक सहा चाकी आहे, २०१४ चं मॉडेल, बीएस ३. मीच मालक, मीच ड्रायव्हर. लासलगाव-पिंपळगावहून कांदा, टोमॅटो भरून वाशीला जातो आणि येताना भिवंडीहून जी भरती मिळेल ती घेऊन वर येतो. जाताना उतार असतो, काही त्रास नाही. येताना मात्र कसारा घाट लागला की दहा मिनिटांत काटा चढायला लागतो आणि निम्मा घाट होईपर्यंत लाल पट्टीला टेकतो. गेल्या पंधरवड्यात दोनदा गाडी कडेला घ्यावी लागली, एकदा तर पाणी फेकलं. एप्रिलचं ऊन, डांबर तापलेलं, मागे लाईन लागलेली, सगळे हॉर्न मारतायत आणि आपण चाकाला दगड लावून बसलोय. फार वाईट वाटतं.

नाशिकला द्वारकेकडे एका स्पेअरच्या दुकानात विचारलं तर ते म्हणाले तुझा वॉल (म्हणजे थर्मोस्टॅट) ८२ चा आहे, तो काढ आणि ७१ चा टाक, गाडी अकरा डिग्री थंड चालेल. दुसऱ्या एका मिस्त्रीने सांगितलं वॉलच काढून टाक, डायरेक्ट कर. पार्ट काही फार महाग नाही पण इंजिन एकच आहे आणि त्याच्यावरच घर चालतं. ज्यांनी स्वतः करून बघितलंय त्यांनी सांगा प्लीज. पुढच्या आठवड्यात परत भरती आहे.

गोदाकाठ
ट्रकमधलं कळत नाही पण धागा वाचतोय. घाटात गरम होऊन थांबलेल्या गाड्या कायम दिसतात, नेमकं काय होतं ते समजेल तरी.

दहाचाकी
टाक ७१ चा, बिनधास्त टाक. माझ्या दोन गाड्यांना आहे. मालेगाव-सेंधवा लाईनला चालतात, उन्हाळ्यात तिकडे ४३-४४ जातं भो, काही त्रास नाही.

आडगावचा_फिटर
भाऊ, आधी हे सांगा. सपाटीला, म्हणजे घोटी ते विल्होळी भरल्या गाडीने येताना काटा कुठे असतो? आणि सकाळी स्टार्ट केल्यावर मध्यावर यायला किती वेळ लागतो? वॉल बदलायचा की नाही ते नंतर बघू.

कसारा_चढ
सपाटीला बरोबर मध्यावर. हलत नाही. सकाळी पिंपळगावहून निघालो की ओझर येईपर्यंत मध्यावर येतो. घाट चढून घाटनदेवीला पाच-सात मिनिटं उभा राहिलो की परत मध्यावर. भरती दहा टनाच्या आत असते, ओव्हरलोड करत नाही.

आडगावचा_फिटर
मग तुमचा वॉल ठणठणीत आहे हो. अडकलेला असता तर सपाटीलाही काटा वर गेला असता. कायम उघडा राहिला असता तर काटा मध्यावर यायलाच तयार झाला नसता.

८२ म्हणजे ८२ ला तो उघडायला लागतो. आतमध्ये पितळेच्या डबीत मेण असतं, ते तापून फुगतं आणि दांडी ढकलतं, म्हणून दरवाजा हळूहळू उघडतो. ९५ च्या आसपास पूर्ण उघडा. आता तुमचा काटा लाल पट्टीला गेला म्हणजे पाणी शंभरच्या वर आहे, वॉल केव्हाच पूर्ण उघडून बसलाय, त्याचं काम संपलंय. तिथे ७१ चा असता तरी तोही पूर्ण उघडाच राहिला असता. दोघांत फरक शून्य.

सोप्पं सांगतो. गंगापूर धरणाचे सगळे दरवाजे उघडलेत आणि तरी पाणी चढतंय, तर दरवाजाला दोष देऊन काय उपयोग? एक तर वरून येवा जास्त आहे नाहीतर खाली कुठेतरी तुंबलंय. तुमच्या गाडीत तुंबलंय. ते शोधा.

दहाचाकी
मग माझ्या गाड्या थंड कशा चालतात?

आडगावचा_फिटर
कारण तुमचे रेडिएटर साफ असतील दादा. मागच्या वर्षी कोणी केले होते का?

दहाचाकी
वॉल टाकले तेव्हाच रेडिएटरची जाळी खोलून रॉडिंग (नळ्यांत सळई घालून सफाई) करून घेतली होती, दोन्ही गाड्यांची. पण मला वाटतं वॉलचाही फायदा झाला.

सातपूर_शिफ्ट
फिटर काकांचं धरणाचं उदाहरण पटलं पण एक बाजू राहिली. पावसाळ्यात धरण आधीच थोडं रिकामं ठेवतात ना, पूर आला तर जागा असावी म्हणून. ७१ च्या वॉलचं तसंच आहे. घाटाच्या पायथ्याला तुम्ही ८५ ऐवजी ७५ ला पोहोचता, म्हणजे लाल पट्टीपर्यंत जायला दहा-अकरा डिग्री जागा जास्त. त्यामुळे दहाचाकी भाऊ म्हणतात त्यात तथ्य अजिबातच नाही असं नाही.

फक्त ती जागा किती वेळ पुरते? पंचवीसेक लिटर पाणी आणि पाचशे किलोच्या आसपास लोखंड अकरा डिग्रीने तापायला जेवढी उष्णता लागते तेवढीच ही सूट. रेडिएटरला दहा किलोवॅटची उष्णता जड होत असेल तर पाच-सहा मिनिटांत सूट संपली. वीस किलोवॅट जड होत असेल तर तीन मिनिटांत. भरली सहा चाकी कसारा चढायला किती वेळ घेते?

कसारा_चढ
ट्रॅफिक नसेल तर वीस-पंचवीस मिनिटं. पुढे कंटेनर लागला तर अर्धा तास धरा.

सातपूर_शिफ्ट
मग उत्तर आलंच. एखाददुसरं वळण पुढे जाऊन गरम होईल, पण होईल.

अजून एक गोष्ट, ही बहुतेकांना उलटी वाटते. रेडिएटर उष्णता टाकतो ती पाणी आणि बाहेरची हवा यांच्यातल्या फरकावर. हवा ४० आणि पाणी ९० असेल तर फरक ५०. तेच पाणी ८० ठेवायचं म्हटलं तर फरक ४०, म्हणजे तोच रेडिएटर, तोच फॅन, पण उष्णता वीस टक्के कमी टाकणार. पाणी जेवढं थंड ठेवायचं तेवढा रेडिएटर मोठा लागतो. वॉलवर ७१ लिहिलंय म्हणून गाडी ७१ ला चालत नाही, ज्या तापमानाला रेडिएटर झेपेल तिथे जाऊन थांबते. वॉल ठरवतो ते फक्त याच्या खाली जाऊ नकोस एवढंच.

जुना_क्लीनर
पोरांनो, एवढं गणित आम्ही कधी केलं नाही. १९८३ पासून गाडीवर, आधी क्लीनर मग ड्रायव्हर. त्या वेळी नवी गाडी आली की पहिलं काम वॉल काढायचा आणि डब्यात टाकायचा. कसाऱ्याला पाच-पाच लिटरचे डबे घेऊन क्लीनर बसायचा, झरा दिसला की भरून घ्यायचा. वॉल नसताना गाड्या वीस-वीस वर्षं चालल्या. इंजिनं काही मेली नाहीत.

आडगावचा_फिटर
काका, तुमचा अनुभव माझ्यापेक्षा मोठा आहे, मी तुमच्यासारख्यांच्याच हाताखाली शिकलो. पण दोन गोष्टी सांगतो. त्या गाड्यांचं इंजिन दर थोड्या वर्षांनी खोलायला लागायचंच, रिंगा, लायनर (पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळी), पिस्टन, ते आपण नेहमीचं समजायचो. थंड इंजिन लायनर जास्त खातं हे तेव्हा कोणी मोजलं नाही.

दुसरं, कसारा_चढ भाऊंच्या गाडीतला वॉल दोन तोंडाचा असेल. रेडिएटरचा रस्ता उघडताना मागची चकती पुढे सरकून बायपासचा, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारा, रस्ता बंद करते. तो वॉल काढला तर बायपास कायमचा उघडा. मग पंपाने ढकललेलं बरंचसं पाणी रेडिएटरला न जाता इंजिनातल्या इंजिनातच फिरतं. म्हणजे सपाटीला गाडी थंड आणि घाटात पहिल्यापेक्षा जास्त गरम. मी अशा तीन-चार गाड्या बघितल्यात, वॉल काढला म्हणून हेड उचलायची वेळ आली. या गाडीचा वॉल काढू नका, हे मी हात जोडून सांगतो.

जुना_क्लीनर
बायपासचं पटलं. आमच्या जुन्या गाडीत तो पाइप आम्ही लाकडाची गुटी ठोकून बंद करायचो, आता आठवलं.

थळघाट
मी रेल्वेतून रिटायर झालोय, ट्रकचा संबंध नाही, पण घाटाचा विषय निघाला म्हणून लिहितो. या घाटात रेल्वेचा चढ ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर गेलं की एक मीटर वर. कसाऱ्याला गाडीला मागून बँकर इंजिनं लावतात आणि इगतपुरीला सोडतात. १८६५ पासून हा घाट चालू आहे आणि अजूनही बँकर लागतो. चढाला यंत्र तापायचंच, त्यात ड्रायव्हरचा दोष नसतो. आम्ही घाटाच्या आधी सगळं तपासून घ्यायचो, घाटात शिरल्यावर दुरुस्ती नाही. ट्रकवाल्यांनी पण कसाऱ्याच्या खालीच पाच मिनिटं थांबून पाणी, बेल्ट बघून घ्यावं.

गोदाकाठ
काका, ट्रकवाल्यांसाठी पण बँकर सुरू करायला सांगा ना तुमच्या साहेबांना :)

थळघाट
सांगतो, पण मग तुम्हाला टाइमटेबल पाळावं लागेल :)

द्राक्षबाग
मी निफाडची. आमच्या चार गाड्या आहेत, हे बाहेरचं बघतात आणि डिझेलचा हिशोब माझ्याकडे. म्हणून माझा अनुभव वहीतला आहे.

दोन वर्षांपूर्वी आमच्या एका ड्रायव्हर दादांनी हट्टाने ७१ चा वॉल टाकून घेतला. उन्हाळ्यात ते खूश होते, काटा खाली दिसतो म्हणायचे. मग डिसेंबर आला. निफाडची थंडी तुम्हाला माहीतच आहे, पहाटे पारा सहा-सातवर येतो. पहाटे चारला द्राक्षाची गाडी निघाली की चांदवडचा राहुड घाट येईपर्यंत काटा वर यायचाच नाही. महिन्याच्या शेवटी वही मिळवली तर बाकीच्या तीन गाड्या पाचच्या वर अॅव्हरेज देतायत आणि ही पावणेपाच. तोच रूट, तोच माल. मला वाटलं डिझेल चोरी होतंय. त्या दादांना मी नाही नाही ते विचारलं आणि ते माझ्यावर नाराज होऊन आठ दिवस बोलले नाहीत. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

मग सर्व्हिसला गाडी लावली तेव्हा ऑइल भरायच्या झाकणाखाली पिवळसर घट्ट साय जमलेली, दुधावर येते तशी. आधी सगळे घाबरले, हेड गॅस्केट गेलं म्हणून. तपासलं तर गॅस्केट चांगलं होतं. इंजिन पुरेसं तापतच नव्हतं, त्यामुळे आतली वाफ बाहेर न पडता ऑइलात मिसळत होती. कसारा_चढ भाऊ, तुम्ही वर्षातले दहा घाट बघताय, बाकीचे साडेतीनशे दिवस पण बघा.

आडगावचा_फिटर
ताई, तुम्ही वहीत पकडलं ते आम्ही हाताने पकडतो. थंड इंजिनात डिझेल नीट जळत नाही, थोडं लायनरवर बसतं आणि तिथलं ऑइल धुऊन नेतं. शिवाय डिझेलमधल्या गंधकाचं लायनर थंड असला की आम्ल बनून तिथेच बसतं. बीएस ३ च्या डिझेलात गंधक ३५० पीपीएम असायचं, बीएस ४ ला ५० आलं, आता १० आहे, म्हणून तो त्रास बराच कमी झाला. ऑइल धुऊन जायचा त्रास तसाच आहे.

बीएससहा
२०२० च्या पुढच्या गाड्यावाल्यांनी हे वाचून लगेच दुकानात पळू नका, प्लीज. माझी बीएस ६ आहे. तिचा ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) पाण्याचं तापमान सतत बघतो. ठरलेल्या वेळात इंजिन तापलं नाही तर फॉल्ट टाकतो, चेक लाईट लागते. डीपीएफची (सायलेन्सरकडच्या धुराच्या फिल्टरची) काजळी जाळायची तर सगळं गरमच लागतं. थंड इंजिनात ती जळत नाही, जाळी भरत जाते आणि मग गाडी ओढत नाही. आमच्या ओळखीत एकाने नेमकं हेच केलं आणि डीपीएफ काढून साफ करायला जो खर्च आला त्यात रेडिएटर नवा आला असता.

कसारा_चढ
बापरे. बरं झालं विचारलं. माझी जुनी आहे तरी आता ७१ चा विचार डळमळीत झालाय. फिटर काका, तुंबलंय म्हणता तर कुठून सुरुवात करू?

आडगावचा_फिटर
स्वस्तातलं आधी. रेडिएटरची कॅप बघा, रबर कडक झालंय का, स्प्रिंग दाबली जाते का. फॅन बेल्ट ढिला आहे का. फॅनभोवतीचा काउल पूर्ण आहे का, तुटका असला तर फॅन तीच गरम हवा परत परत ओढतो. मग रेडिएटर आणि इंटरकूलरच्या (टर्बोची हवा थंड करणारी पुढची जाळी) मधली फट, ती बाहेरून दिसत नाही आणि तिथेच सगळी घाण बसते. मग जाळी आतून. कापडाने पुसून बोनेटचं दार लावणाऱ्यांना काही सापडत नाही, खोलून बघा.

आणि हे गाडी थंड असताना. सकाळी.

सिन्नर_बोअर
आतून जाळीचा मुद्दा महत्त्वाचा. आमच्याकडे बोअरचं पाणी एवढं जड आहे की चहाच्या पातेल्याला पांढरी खर धरते. तेच पाणी ट्रॅक्टरच्या रेडिएटरला घालत होतो. खोलला तर निम्म्या नळ्या बंद, खर खडूसारखी. ढाब्यावर, पंपावर जे मिळेल ते पाणी ओतणाऱ्यांनी विचार करा. आता मी कूलंटच टाकतो.

दहाचाकी
कूलंट नुसता टाकायचा का पाणी मिसळून? आमचा ड्रायव्हर म्हणतो नुसता टाकला की जास्त थंड.

सातपूर_शिफ्ट
उलटं आहे. उष्णता वाहून न्यायला साध्या पाण्यासारखं काही नाही, नुसता कूलंट पाण्यापेक्षा बराच कमी उष्णता धरतो. पण पाण्याने गंज लागतो, आणि लायनरच्या बाहेरून बारीक खड्डे पडतात. म्हणून डब्यावर सांगितलंय तसं, बहुधा निम्मं निम्मं, आणि पाणी डिस्टिल्ड. आधीच मिसळून आलेला असेल तर तसाच.

कॅपबद्दल पण सांगतो कारण तिला कोणी किंमत देत नाही. इगतपुरीच्या उंचीवर उघडं पाणी ९८ ला उकळतं. कॅपवर ०.९ लिहिलंय म्हणजे ती आत तेवढा दाब धरून ठेवते, त्यामुळे साधं पाणीसुद्धा ११७-११८ पर्यंत उकळत नाही. रबर गेलं की दाब गेला, मग पाणी शंभरच्या आतच उकळून बाहेर. तुम्ही म्हणालात एकदा पाणी फेकलं, मला पहिला संशय कॅपवर आहे.

जुना_क्लीनर
कॅपचा विषय निघाला म्हणून एक सांगतो, सगळ्यांनी ऐका. माझ्या बरोबरचा क्लीनर, वय सतरा, जव्हारच्या बाजूचा पोरगा. गाडी गरम झाली, मी उतरेपर्यंत त्याने घाईघाईत फडकं टाकून कॅप फिरवली. पाणी छातीवर, गळ्यावर, हनुवटीखाली. मी त्याला दुसऱ्याच्या जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं, रस्ताभर तो आईला हाक मारत होता. वाचला, पण गळ्याची कातडी कायमची आखडली, मान पूर्ण वळायची नाही. त्यानंतर माझ्या गाडीवर गरम असताना कॅपला कोणाला हात लावू दिला नाही. गाडी गरम झाली की इंजिन हळू चालू ठेवा, काटा उतरू द्या, मग बंद करा आणि अर्धा-पाऊण तास काही करू नका. लाईन लागली तर लागू द्या. आणि तापलेल्या ब्लॉकवर गार पाणी ओतू नका, हेडला तडा जातो.

द्राक्षबाग
काका, हे मी आमच्या सगळ्या ड्रायव्हरना वाचून दाखवते.

आडगावचा_फिटर
काकांच्या बोलण्यात एकच जोड. पाणी सगळं फेकलं असेल आणि टाकी रिकामी झाली असेल तर इंजिन लगेच बंद करा, हळू चालवत बसू नका. पाणीच नाही तर फिरणार काय.

गोदाकाठ
समृद्धीने का येत नाही? आता आमण्यापासून इगतपुरीपर्यंत झालाय ना, जून २०२५ ला सुरू झाला. तो आठ किलोमीटरचा बोगदा आहे, घाटच लागत नाही.

कसारा_चढ
येतो कधी कधी. चढ कमी आहे, गाडी गरम होत नाही हे खरं. पण टोल लागतो आणि भाड्यात तेवढं सुटत नाही. शिवाय गाडीत दोष असेल तर तो बोगद्यात लपवून काय फायदा, उद्या सापुताऱ्याला जायचं झालं तर?

आडगावचा_फिटर
हे बोललात ते आवडलं. अजून एक विचारतो, घाट कुठल्या गिअरमध्ये चढता?

कसारा_चढ
जमेल तेवढं तिसऱ्यात दाबून. डिझेल वाचावं म्हणून.

आडगावचा_फिटर
तिथेही चुकतंय. इंजिन रडत रडत चढलं की आरपीएम कमी, आणि फॅन आणि पाण्याचा पंप दोन्ही आरपीएमवरच फिरतात. म्हणजे उष्णता सर्वात जास्त तेव्हा वारा आणि पाणी सर्वात कमी. वेळेत दुसऱ्यात टाका, इंजिन मोकळं फिरू द्या, पॅडल थोडं सोडा. दोन मिनिटं उशीर होईल, काटा खाली राहील.

कसारा_चढ
रविवारी सगळं खोललं, सविस्तर लिहितो.

वॉल आधी काढला. वर ८२ कोरलेलं आहे. आमच्या गावच्या दूध संकलन केंद्रातून थर्मामीटर आणला, घरचं जुनं पातेलं घेतलं. वॉलच्या तोंडात दोरा अडकवून तो पाण्यात लोंबता धरला आणि खाली गॅस लावला. बायको आणि दोन्ही पोरं बघायला उभी. ७० झालं, ७५ झालं, काही नाही. ८० ला पण नाही. ८३ दिसलं आणि दोऱ्यातून वॉल सुटून तळाला टक्कन आपटला. धाकटी एकदम ओरडलीच. म्हणजे मेण फुगलं, तोंड उघडलं. फिटर काका, तुम्ही न बघता सांगितलं होतं वॉल चांगला आहे, तेच निघालं.

मग कॅप. रबराला नखाने दाबलं तर तुकडा पडला. ती पहिल्याच दिवशी बदलायला पाहिजे होती.

आणि मग खरा प्रकार. बाहेरून रेडिएटर एकदम स्वच्छ दिसत होता, मी दर आठवड्याला पुढून पाणी मारतो. इंटरकूलरचे बोल्ट ढिले करून पुढे ओढला तर मधल्या फटीत कांद्याच्या पापुद्र्यांची गादी. खरंच गादी. बाजार समितीत दिवसभर उभं राहतो, लिलावाच्या वेळी पापुद्रे उडतात, फॅन ते आत ओढतो आणि तिथे अडकतात. वर धूळ, त्यावर ऑइलचा ओलावा, सगळं मिळून पापडासारखं चिकटलेलं. वरून हात घातला तर अर्ध्या रेडिएटरएवढी चादर एका तुकड्यात सोलून आली, तांबूस गुलाबी, अजून कांद्याचा वास. एक घमेलं भरलं. मी पुढून पाणी मारून ती गादी आणखी घट्ट बसवत होतो.

सातपूर_शिफ्ट
काय सांगता! सपाटीला वेगाचा वारा असतो, इंजिनवर लोड कमी, म्हणून उरलेल्या अर्ध्या जाळीवर भागत होतं. घाटात वीसच्या स्पीडला वारा नाही आणि लोड पूर्ण. सगळं जुळलं.

आडगावचा_फिटर
लासलगावच्या गाड्यांना कांदा आणि सोयाबीनच्या हंगामात भूस, हे नेहमीचं दुखणं आहे. आता धुताना पाणी इंजिनाच्या बाजूने बाहेर मारा, घाण जशी आली तशी परत जाऊ द्या. सर्व्हिस सेंटरचा जोराचा फवारा जवळून मारू नका, पत्र्या आडव्या होतात. आणि वॉल खोललाच आहे तर नवीनच टाका, ८२ चाच, पॅकिंगसकट. जुना डॅशबोर्डात ठेवा.

दहाचाकी
म्हणजे माझ्या गाड्यांचं पण रॉडिंगनेच काम झालं म्हणायचं. मान्य. पण ७१ चे मी उन्हाळा संपेपर्यंत ठेवणार, सातपूरवाल्यांनी सांगितलेली पाच मिनिटं मला राहुड घाटात पुरतात. छोटा घाट आहे.

सातपूर_शिफ्ट
छोट्या घाटाला पुरतात, त्यात चूक नाही. दिवाळीत बदला फक्त.

कसारा_चढ
काल रात्री भिवंडीहून भरून निघालो, नऊ टन. मुद्दाम समृद्धी सोडून घाटाने आलो. नवीन ८२ चा वॉल, नवी कॅप, निम्मं निम्मं कूलंट, रेडिएटर धुतलेला, बेल्ट ताणलेला. रात्र होती म्हणून पूर्ण खात्री नाही असं वाटत होतं, म्हणून आज परत रिकामी खाली जाऊन दुपारी दोनच्या उन्हात भरून चढलो. दुसऱ्यात चढवली. निम्म्या घाटात काटा मध्याच्या वर एक रेघ गेला आणि तिथेच थांबला. घाटनदेवीला पोहोचेपर्यंत तसाच. नारळ फोडला, प्रसाद सगळ्या गाड्यांना वाटला. फिटर काका, आडगाव नाक्याला आलो की तुमचा वाटा देऊन जातो.

जुना_क्लीनर
देवीला थांबलात ते बरं केलंत. आमच्या वेळी थांबल्याशिवाय कोणी पुढे जायचं नाही, गाडी पण गार व्हायची आणि माणूस पण.

आडगावचा_फिटर
या हो, वाट बघतो. कांद्याच्या हंगामात दर महिन्याला ती फट बघायची, दिवा आत धरून. तेवढं विसरू नका.

द्राक्षबाग
काका, एक शेवटचं. आमच्या त्या गाडीचा ७१ चा मी या आठवड्यात काढून घेतेय, ८२ चा आणलाय. नव्या वॉलच्या कडेला एक छोटी सैल पिन हलते, ती खराब आहे का? आणि बसवताना कुठल्या बाजूला ठेवायची? आमचा मिस्त्री नवीन आहे.

आडगावचा_फिटर
खराब नाही ताई, ती हलायलाच पाहिजे. पाणी भरताना अडकलेली हवा तिथून निघते. म्हणून पिन सगळ्यात वर, घड्याळात बारा वाजतात तिथे. मेणाची डबी इंजिनाकडे. पाणी हळूहळू भरा, गाडी चालू करून वरचा होज गरम होईपर्यंत थांबा, मग थंड झाल्यावर लेव्हल परत बघा, अर्धा-एक लिटर अजून बसेल.

द्राक्षबाग
लिहून घेतलं. त्या ड्रायव्हर दादांनाच बसवायला सांगते, मी बाजूला उभी राहते.